एकच तार

मामा: म्हणजे शत्रूचं काम केलं तरी माफ?

भाची: माफ कुठे म्हणतेय? काम कोणतं ते आधी विचारा. युक्रेनमधलं इझ्यूम शहर 2022 च्या एप्रिलपासून 10 सप्टेंबरपर्यंत रशियाच्या ताब्यात होतं. तिथला एखादा वायरमन घ्या. त्यानं तार जोडली, दवाखान्यात दिवा लागला. त्याच तारेवर कमांडरच्या घरातलाही लागला.

मामा: मग जोडायची नाही.

भाची: आणि दवाखाना?

मामा: बरं, वायरमन सोड. मास्तर घे.

भाची: त्याला कायदाही सोडत नाही. मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या फौजदारी संहितेत 111-1 कलम आलं. शाळेत आक्रमकाचा प्रचार केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण नुसतं गणित शिकवलं असेल तर? पाढे कुठल्याही झेंड्याखाली तेच.

मामा: पाढे तेच गं, पण शाळा भरली की सगळं सुरळीत असल्याचा देखावा होतो. मी तीस वर्षं कोर्टात काढली. ‘साहेब, मी फक्त सही केली’ हे रोज ऐकलंय.

भाची: आणि बंदूक रोखून घेतलेली सही?

मामा: ती वेगळी. पण बंदूक होती की नव्हती हे सांगणार कोण? शेजारी? शेजारी बांधाचा राग काढायलाही साक्ष देतो.

भाची: म्हणून तर भीती. रशियाची वाट बघणाऱ्याला तिथे ‘झ्दून’ म्हणतात. मागे राहिला एवढ्यावरूनही ही शिवी चिकटते.

मामा: वाट होती तोवर निघायचं होतं.

भाची: 2019 च्या पुरात सांगलीतून तुम्ही निघालात? आजीला हलवता येईना म्हणून माडीवर बसून राहिलात.

मामा: पाणी पासपोर्ट मागत नाही.

भाची: तेच म्हणतेय. जे भाग अजून ताब्यात आहेत, तिथे रशियन पासपोर्टाशिवाय पेन्शन अडतं, औषध अडतं. इन्सुलिनसाठी कुणी तो घेतला, तर तो फितूर?

मामा: नाही. नुसत्या कागदावर मी कुणाला दोषी धरणार नाही. 1918 नंतर जर्मनीकडून परत मिळालेल्या अल्सेसमध्ये फ्रेंचांनी वाडवडील कुठले ते बघून लोकांना ए, बी, सी, डी अशी ओळखपत्रं वाटली. ए-वाल्याला जर्मन मार्कचे फ्रँकही जास्त मिळायचे. तसलं नको. पण ज्याचा मुलगा शेजाऱ्यानं धरून दिला, त्याला तू कुठल्या तोंडानं सांगशील, याच्याशेजारी पुन्हा रांगेत उभा राहा?

भाची: नाही सांगू शकत.

मामा: मग?

भाची: खार्किवला माझ्या वर्गात इझ्यूमची मुलगी होती. तिची आई शाळेत गणित शिकवते. शिकवायची.

मामा: त्या महिन्यांत शिकवलं का तिनं?

भाची: आठवड्याला फोन असतो आमचा. मी अजून विचारलेलं नाही.

मामा: आणि ती?

भाची: आई कशी आहे म्हटलं की तब्येतीचं सांगते.