पंधरा किलोंचा अपरिग्रह

चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवाशाला नियमित विमान बहुधा नागपूरहूनच मिळते. स्वस्त देशांतर्गत तिकिटावर साधारणपणे १५ किलोंची एक बॅग आणि हातात ७ किलो एवढी मुभा असते. पुढच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात, आणि ते आधी न भरता काउंटरवर भरले तर जास्तच. बंगळूरच्या मुलासाठी घेतलेला गडचिरोलीचा तांदूळ तिथेच पिशवीतून बाहेर निघतो. हा अपरिग्रह म्हणावा का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्याच भद्रावतीत जैन तीर्थ आणि विजासन बौद्ध लेणी जवळजवळ आहेत. दोन्ही परंपरांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. जैन आचार्य उमास्वातींचे ‘तत्त्वार्थसूत्र’ परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, आसक्तीत पाहते. त्या मापाने तांदूळ काढणारा अपरिग्रही ठरत नाही. त्याचे मन पिशवीतच असते. उलट, जादा पैसे भरून तांदूळ नेणारी आईही केवळ वजनामुळे लोभी ठरत नाही.

बौद्ध भिक्खूचे अष्टपरिष्कार म्हणजे तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. वजनात ते सहज बसतात. वस्तरा मात्र केबिनमध्ये चालत नाही. भिक्खूची मर्यादा स्वीकारलेली असते, प्रवाशाची दराने लादलेली. शिवाय पैसे मोजताच ती सैल होते, व्रत तसे होत नाही.