ढाल कोणासाठी?

गुहागर परिसरातील वयोवृद्धांच्या दंडावर देवी काढल्याचे वण आजही दिसतात; त्यांच्या नातवंडांचे दंड कोरे आहेत. हे कोरेपण मानवाच्या एका थोर विजयाची खूण होय. भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले.

तरीही अमेरिका व रशिया येथील दोन प्रयोगशाळांत हा विषाणू जतन केलेला आहे. शिवाय, १९७२ च्या जैविक अस्त्रबंदी करारावर सही करूनही सोव्हिएत संघाने त्याचे अस्त्र बनविले होते. या भयापोटीच टेकोव्हिरिमॅट हे पोटात घ्यावयाचे औषध सिद्ध झाले. ते विषाणूला एका पेशीतून निघून दुसरीत पसरू देत नाही. अमेरिकेने त्याचा साठा केला आणि २०१८ साली त्यास मान्यता दिली.

नष्ट झालेल्या रोगासाठी हा खटाटोप नीतीस धरून आहे काय? आम्हांस वाटते, आहे. निरपराधांचे रक्षण हे कर्तव्यच आहे, आणि औषध कोणावर वार करीत नाही. परंतु त्यावर आंधळी भिस्त नको. देवीचे रुग्णच नसल्याने त्याचा गुण प्राण्यांवर पारखावा लागला. देवीच्याच कुळातील एमपॉक्सवर काँगोमध्ये झालेल्या चाचणीत, २०२४ साली कळले की, त्याने फोड लवकर बरे होत नाहीत. मात्र औषध मिळालेल्या व न मिळालेल्या रुग्णांत मिळून मृत्यूचे प्रमाण १.७ टक्के, म्हणजे एरवीच्या ३.६ टक्क्यांहून कमी होते. सर्वांना रुग्णालयात उत्तम शुश्रूषा लाभली होती.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या बालिकेस भारतातील पहिली लस टोचली गेली. तिच्या दंडावरील लस आणखी पाच मुलांना मिळाली आणि पुढे ती पुणे, सुरतेपर्यंत पोहोचली. ते संरक्षण दिल्यानेच वाढत होते. गोळी मात्र कुलपात राहू शकते.

सृष्टीतील संपदा सर्वांसाठी आहे, अशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण आहे. दयाळू शोमरोन्याने जखमी परक्याच्या उद्याचीही तरतूद केली. त्याची जात विचारली नाही. उद्या कोणाच्या दुष्टाव्याने देवी परतलीच, तर दूरच्या कोठारातील ती गोळी गुहागरच्या आरोग्य केंद्रात पोहोचेल काय? पोहोचणार नसेल, तर ती मूठभरांची तटबंदी होय. मानवजातीची ढाल नव्हे.