शांत पाण्यातील ताण

बडोद्याला समुद्र नाही. तरीही सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात ज्याने तुळईचे गणित शिकले, त्याला जहाज परके वाटत नाही. जहाज ही एक पोकळ, लांबच लांब तुळईच आहे. तिचा आडवा छेद प्रत्यक्ष पाहिला तो मात्र अलंगच्या किनाऱ्यावर, जिथे भरतीच्या वेळी चढवलेली जहाजे 1983 पासून तोडली जातात. पुढचा भाग कापून नेलेला होता. खाली मधोमध कील, तिच्यावर दुहेरी तळ, दोन्ही अंगांना बरगड्यांसारख्या फ्रेमा. तळातील उभ्या पत्र्यांना पाडलेली भोके लंबगोल होती; एकाही भोकाला टोकदार कोपरा नव्हता, कारण ताण कोपऱ्यात साचतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धातील लिबर्टी जहाजांच्या चौकोनी हॅचनी हे ज्ञान फार महागात मिळवून दिले.

लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोके खाली झुकू पाहतात; डेक ताणले जाते, तळ दाबला जातो. माथे टोकांखाली गेले की सारे उलटते. हा आघात निदान दिसतो तरी. मला अधिक विचार करायला लावते ती धक्क्याला स्वस्थ बांधलेल्या जहाजाची अवस्था. जहाजाचे एकूण वजन आणि पाण्याचा एकूण आधार समान असतात, म्हणूनच ते तरंगते. परंतु ठिकठिकाणी ते समान नसतात. इंजिनापाशी वजन अधिक, रिकाम्या कोठाराखाली पाण्याचा रेटा अधिक. ही तफावत सांगाडा अखंड सोसत असतो. 1994 मध्ये ब्राझीलच्या पोंता दा मदेरा बंदरात लोहखनिज भरत असताना ‘ट्रेड डेअरिंग’ हे जहाज धक्क्यालाच मोडले.

कुटुंबाची किंवा संस्थेची सुस्थिती आपण बहुधा बेरजेवरून ठरवतो. बेरीज जुळली की कोणाच्या वाट्याला किती भार आला, हे विचारण्याची गरज उरत नाही. जो सोसतो त्याला आपण कणखर म्हणतो आणि त्याच्यावर आणखी थोडे टाकतो. त्याची मर्यादा कोणी मोजलेली नसते. जहाजावर ही मोजणी कर्तव्यातच मोडते. माल चढण्यापूर्वी मुख्य अधिकारी प्रत्येक टप्प्याचा हिशेब मांडतो: कोणत्या कोठारात किती, कोणत्या क्रमाने, आणि त्याच वेळी कोणत्या टाकीतले पाणी उपसायचे. एकाच कोठारात सारे एकदम ओतले तर बंदराचा वेळ वाचतो. त्या घाईला नकार देऊन भरणी थांबवण्याचा अधिकार कप्तानाकडे असतो.