निःशब्द स्तोत्राचा मजकूर

प्रार्थनेला शब्दांची आवश्यकता आहे काय, हा प्रश्न फार जुना आहे. आणि अंतःकरणातील भाव असला म्हणजे पुरे, हे त्याचे रूढ उत्तर आपण सारेच सवयीने देत आलो आहोत. परंतु अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन याने ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स या तीन साथीदारांसह ध्वनिमुद्रित केलेली ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना लक्षपूर्वक ऐकली, म्हणजे ते उत्तर अपुरे वाटू लागते.

धर्मोपदेशकांच्या कुळात जन्मलेला हा वादक १९५७ साली हेरॉइन आणि मद्य यांच्या पाशातून सुटला, व त्या सुटकेला त्याने ईश्वरी अनुग्रह मानले. हा अल्बम म्हणजे त्या अनुग्रहाची कृतज्ञ परतफेड होय. पहिल्या भागात तो चार स्वरांचे एक लहानसे पद घेऊन बाराही स्वरस्थानांवरून फिरवतो, आणि त्यानंतरच मानवी कंठातून अल्बमचे नाव जपासारखे उमटते. म्हणजे येथे स्वर आधी, शब्द मागाहून. अखेरच्या भागात मात्र क्रम उलटतो. वेष्टनावर छापलेले त्याचे स्वरचित स्तोत्र तो सॅक्सोफोनवर, अक्षरामागून अक्षर, जणू वाचीत जातो. ठेका थांबलेला असतो, आणि जोन्सच्या टिम्पनीचा गंभीर घोष खालून उठत राहतो.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. ज्याच्या द्रुतगतीची ख्याती सर्वत्र पसरली होती, त्या वादकाने कोणता स्वर कोठवर लांबवावा, श्वास कोठे घ्यावा, हे ठरविण्याचा अधिकार मजकुराच्या हवाली केला आणि मजकुराबरहुकूम वाजविले. केवळ भावाच्या भरात वाजविले असते, तर आपल्या कौशल्याचे प्रदर्शन कोठे संपले आणि समर्पण कोठे सुरू झाले, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. कारण अहंकाराला भावाचा वेष घेण्यास क्षणभरही लागत नाही. ते स्तोत्र ठाऊक नसलेल्या श्रोत्याला शब्द कळणार नाहीत, हा आक्षेप खरा असला तरी गैरलागू आहे, कारण हा अर्ज श्रोत्याच्या दरबारी रुजू केलेलाच नव्हता.

सारांश, शब्द ऐकू यावेत म्हणून प्रार्थनेला नको असतात. प्रार्थना करणाऱ्याची मनमानी आवरावी, म्हणून ते हवे असतात.