घरी लिहिलेली पत्रिका

निकाह वैध होण्यासाठी जे लागते त्याची यादी लहान आहे. उभयतांचा ईजाब-कुबूल, साक्षीदार आणि वधूचा हक्क म्हणून महर. या यादीत पत्रिका कोठेही नाही. तरीही आपल्या घरांत लग्नाच्या पहिल्या खर्चांपैकी एक पत्रिकेचा असतो, आणि पुढच्या साऱ्या खर्चाचा सूर तीच लावते. मखमली पाकीट, सोनेरी अक्षरे, आत तीन-तीन पाने अशी पत्रिका एकदा वाटून झाली की मंडप साधा ठेवण्याची हिंमत कोणाला राहत नाही.

खर्चाच्या धास्तीने म्हणा किंवा दिखाव्याचा कंटाळा येऊन म्हणा, पत्रिका घरीच तयार करावी असा विचार काही कुटुंबांत होताना मी पाहतो. त्यावर वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लोक काय म्हणतील? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साध्या कागदावर बोलावले तर पाहुण्याचा मान कमी होतो काय, ही खरी शंका त्याच्या मुळाशी आहे, आणि पाहुण्याचा मान ही इस्लाममध्ये किरकोळ बाब नाही.

निकाह लपूनछपून होऊ नये, तो जाहीर व्हावा, ही आपली शिकवण आहे. पण जाहीर करणे आणि निमंत्रण देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी मदीनेत विवाह केला, तो प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना त्यांच्या अंगावरील सुगंधी पिवळ्या रंगाच्या खुणेवरून कळला. विचारपूस झाली. खजुराच्या बीएवढ्या वजनाचे सोने महर म्हणून दिल्याचे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी बरकतीची दुआ दिली आणि वलीमा करा, एका बकरीचा का होईना, असे सुचवले. मला का बोलावले नाही, असा शब्दही त्या संवादात नाही. आपल्याकडे मात्र चुलतभावाच्या मेहुण्याला पत्रिका पोहोचली नाही म्हणून दहा-दहा वर्षे बोलणे बंद असते.

प्रेषितांच्या घरचे निमंत्रण कसे गेले, तेही हदीसमध्ये आहे. ह. जैनब (रजि.) यांच्याशी झालेल्या विवाहाच्या वेळी तरुण अनस (रजि.) यांना पाठवण्यात आले. अमुक-अमुक यांना बोलाव आणि वाटेत जो भेटेल त्यालाही बोलाव, अशी आज्ञा होती. सुमारे तीनशे माणसे जमली. निमंत्रणाचे साधन काय, तर एका मुलाचे पाय आणि त्याचा आवाज. आणि ज्याचे नाव घेतले तो आणि जो नुसता वाटेत भेटला तो, दोघांसाठी बोलावणे एकच.

बोलावणे स्वीकारणे हा मुसलमानाचा मुसलमानावर असलेल्या हक्कांपैकी एक हक्क आहे. याचा अर्थ असा की, पत्रिका देणारा केवळ कागद देत नाही. तो समोरच्याच्या खांद्यावर एक कर्तव्य ठेवतो. त्या दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून, मुलाबाळांना तयार करून त्याने यायचे आहे. एवढा भार ठेवायचा तर तो नाव घेऊन, दारात जाऊन ठेवावा. आपल्या मराठी मुलखात ‘चूलबंद आवतण’ हा सुंदर शब्दप्रयोग आहे. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटू नये, सगळ्यांनी आमच्याकडे जेवावे, असे ते बोलावणे. ते तोंडानेच दिले जाई. त्याचा मान कागदावर अवलंबून नव्हता.

असे असले तरी, सुंदर पत्रिका आवडणे हा दोष आहे असे मी म्हणणार नाही. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली रिवायत प्रसिद्ध आहे (सहीह मुस्लिम). आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे एखाद्याला वाटले तर तो अहंकार ठरेल काय, असे प्रेषितांना विचारण्यात आले. अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे, असे उत्तर मिळाले. आणि अहंकार म्हणजे सत्य नाकारणे व माणसांना तुच्छ लेखणे, हेही तेथेच स्पष्ट झाले. सौंदर्य आणि अहंकार यांच्यामधली रेघ या हदीसने वस्तूवर ओढलेली नाही. ती माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीवर ओढली आहे.

याच कसोटीवर आपली एक प्रथा तपासून पाहा. अनेक घरांत आज एका निकाहच्या दोन पत्रिका छापल्या जातात. जाड, पेटीसारखी पत्रिका साहेबांसाठी, व्यापाऱ्यांसाठी, व्याह्यांच्या बड्या नातलगांसाठी. आणि पातळ कागदाची एकपानी मोहल्ल्यासाठी, कामगारांसाठी, गावाकडच्या मावशीसाठी. हे करणारे लोक वाईट नसतात. ते काटकसरच करत असतात. पण ती काटकसर कोणाच्या वाट्याला आली? ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, ते जेवण सर्वांत वाईट, ही ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दोन प्रतींची पत्रिका गरिबाला वगळत नाही, हे खरे. ती त्याला बोलावते आणि त्याच हाताने त्याची जागाही दाखवते. माझ्या मते घरी पत्रिका करण्याचा सर्वांत मोठा लाभ पैशांचा नाहीच. घरच्या पत्रिकेत दोन प्रती करणे सुचत नाही, हा तो लाभ आहे.

आमच्या मोहल्ल्यातील एका गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थांच्या घरी हे घडताना मी पाहिले. धाकट्या मुलीचे अक्षर चांगले. तिने मराठीत मजकूर लिहिला, वर बिस्मिल्लाह बोरूने काढली, निमंत्रिताच्या नावाची जागा मोकळी ठेवली. त्या एका प्रतीवरून जाड कागदावर झेरॉक्स काढल्या. ए-फोर आकाराच्या कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाला मध्ये घडी; म्हणजे शंभर कागदांत दोनशे पत्रिका. पाकीट नाही. नावे मात्र प्रत्येकावर हाताने लिहिलेली, ती वधूच्या भावांनी. वडील कामावरून आल्यावर रोज मगरिबनंतर पत्रिका घेऊन निघत आणि प्रत्येक दारात पाणी पिऊन, चार शब्द बोलून परतत. यात त्यांचे आठ-नऊ दिवस गेले. मशिदीच्या झाडूवाल्याला जी पत्रिका मिळाली, तीच विश्वस्तांना मिळाली. विश्वस्तांपैकी एकाने कपाळावर आठी घातली होती, हेही लिहायला हवे.

दूरच्या नातलगांना मोबाइलवर निरोप पाठवायला हरकत नाही. फक्त तो नाव घेऊन पाठवावा. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेले चित्र ही घोषणा झाली, निमंत्रण नव्हे.

साधेपणाचाही दिखावा होतो, याचे भान हवे. हातकागद, वाळलेली फुले, लाखेचे शिक्के, रेशमी दोरे आणून ‘घरी केलेली’ पत्रिका दुकानातल्या पत्रिकेहून महाग पडलेली मी पाहिली आहे. खर्च करताना उधळपट्टीही नाही आणि कंजूषीही नाही, या दोहोंमधला मार्ग हे रहमानच्या दासांचे लक्षण सूरह अल-फुरकानमध्ये (आयत ६७) सांगितले आहे. पत्रिकेत वाचवायचे आणि स्टेजवर उडवायचे, हा तो मधला मार्ग नव्हे.

बिस्मिल्लाहविषयी नेहमी विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. सूरह अन-नम्लमध्ये ह. सुलैमान (अलै.) यांनी सबाच्या राणीला पाठवलेल्या पत्राचा प्रारंभ बिस्मिल्लाहने आहे, आणि राणीने त्या पत्राला सन्माननीय म्हटले. तेव्हा लिहायला हरकत नाही. पण शेवटी तो कागद कोठे पडणार याचा विचार करावा. काही कुटुंबे आदबीखातर ७८६ छापतात. त्यावर उलमांत मतभेद आहेत आणि तो आजचा विषय नाही. पत्रिका मोजून केल्या तर उरत नाहीत, आणि उरल्या नाहीत तर रद्दीतही जात नाहीत.

आता हिशेबाची गोष्ट. समजा, चाळीस रुपयांची एक, अशा चारशे पत्रिका. झाले १६,००० रुपये, आणि तेही छापखान्यात बहुधा आगाऊ. त्याच मुलाच्या निकाहच्या रजिस्टरमध्ये मी महरची रक्कम लिहितो, तेव्हा पुढे अनेकदा ‘उधार’ असा शब्द येतो. परस्पर संमतीने महर नंतर देण्यास शरीअतमध्ये मुभा आहे, हे खरे. पण जे फर्ज नाही ते रोख आणि जो स्त्रीचा हक्क आहे तो उधार, हा क्रम कोणत्या फिक्हच्या ग्रंथातून आला? निकाहची तारीख ठरवायला तरुण येतात, पत्रिका पुढे करतात. मी ती घेतो, बाजूला ठेवतो आणि आधी महर किती व केव्हा देणार, ते विचारतो. बरेच जण उत्तरासाठी वडिलांकडे पाहतात.