‘न मम’ म्हटल्यानंतर

आमच्या घरात पिढीजात पौरोहित्य आहे. त्यामुळे ‘न मम’ हे दोन शब्द मला अक्षरओळख होण्यापूर्वीच कानावर पडले. आहुती अग्नीत पडली, की यजमानाने म्हणावयाचे, ‘हे माझे नव्हे.’ दानाचेही तसेच. एकदा उदक सोडले, की दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क उरत नाही. दान दिलेली गाय कशी राखली आहे, हे पाहण्यास कोणी दुसऱ्याच्या गोठ्यात डोकावत नाही. परंतु दिलेली वस्तू दात्याच्या देहाचाच अंश असेल तर? हा प्रश्न यंदाच्या चातुर्मासात आमच्या घरी उभा राहिला, आणि त्याचे उत्तर मला कोणत्याही पोथीत आयते मिळाले नाही.

माझ्या मामांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा मामींनी आपले एक मूत्रपिंड त्यांस दिले. त्यास आता सहा वर्षे होत आली. ही विद्या तशी अर्वाचीन होय. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉक्टर जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले व ते टिकले. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोर येथे हा प्रयोग यशस्वी झाला, आणि आपल्या भोपाळच्या एम्समध्ये २०२४ साली पहिले मूत्रपिंड-प्रत्यारोपण झाले. बोस्टनचे भाऊ एकरूप जुळे होते, म्हणून एकाचा अवयव दुसऱ्याच्या शरीरास परका वाटला नाही. पतिपत्नींची गोष्ट निराळी. विवाहविधीत आम्ही त्यांस कितीही एक म्हणोत, शरीर ते मान्य करीत नाही! आलेला अवयव ते शत्रू समजते. म्हणून शरीराची संरक्षक शक्ती मुद्दाम मंद ठेवावी लागते, व त्यासाठी टॅक्रोलिमससारखी औषधे दर बारा तासांनी जन्मभर घ्यावी लागतात. मात्रा उणी पडली तर शरीर त्या अवयवावर उठते. अधिक झाली तर तेच औषध मूत्रपिंडास अपाय करते आणि क्षुद्र रोगजंतूंनाही दार मोकळे होते.

मी शाळेपलीकडे शिकलेला नाही. हे सारे मामांबरोबर रुग्णालयात बसून कळले. सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त देऊन औषधाचे प्रमाण पाहावयाचे, क्रिएटिनिन मोजावयाचे, घरी वजन, रक्तदाब आणि ताप वहीत टिपावयाचे. आरंभी आठवड्यातून दोनदा असलेली रक्ततपासणी पुढे महिन्या-दोन महिन्यांवर येते, पण संपत मात्र कधीच नाही. पपनसासारखे फळ रक्तातील औषध वाढविते, तेही वर्ज्य. आणि यातील मर्म असे, की शरीर त्या अवयवास नाकारू लागले तरी पुष्कळदा काही दुखत नाही. माणसास बरे वाटत असते आणि आकडा चढत असतो.

मामांनी चार वर्षे हे सारे निष्ठेने केले. मंदिरात आले की कच्च्या दुधाचे पंचामृत ते डोळ्यांस लावीत व बाजूस ठेवीत. बाबांना प्रथम ते खटकले. मग तेच त्यांच्यासाठी उकळून निवविलेल्या पाण्याचे तीर्थ वेगळे ठेवू लागले. पुढे मामांस कंटाळा आला. वही मिटली, तपासण्या लांबल्या. म्हणू लागले, ‘रोज आपल्याच रक्तालघवीचा जमाखर्च मांडीत बसणे ही देहासक्ती नव्हे काय? ज्याने तारले त्याच्यावर भरवसा नको?’ यंदा गोकुळाष्टमीस त्यांनी सर्वांबरोबर पंचामृत घेतले. चौथ्या दिवशी ताप आला. ताप पंचामृतानेच आला असे डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्या निमित्ताने रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन बरेच वाढलेले निघाले. केव्हापासून वाढत होते, हे कोणासच सांगता येईना. कारण आठ महिन्यांत कोणी पाहिलेच नव्हते.

मी मामींना म्हणालो, ‘तुम्ही का नाही बोललात?’ त्या म्हणाल्या, ‘दिलं ते दिलं. हिशेब मागायला मी काय सावकार आहे?’

मामांचा आक्षेप मला थट्टेवारी नेता येत नाही. देहाचे चोचले करू नयेत असे आपण कीर्तनांतून ऐकतच वाढलो. परंतु विरक्ती ही ‘माझे’ म्हणून जे आहे त्याविषयीची. मामांच्या साऱ्या देहात तेवढाच एक भाग असा आहे, की ज्याविषयी बेफिकीर राहण्याची मुभा त्यांस नाही. मामींनी हक्क सोडला, हे खरे. पण त्यामुळे मामा मोकळे होत नाहीत, उलट अधिक बांधले जातात. कारण आता विचारणारे कोणीच उरले नाही. बाबा रोज शेजारती झाल्यावर देवाचे दागिने मोजून पेटीत ठेवतात. आजवर एकही उणा निघाला नाही, तरी मोजतात. त्यास सोन्याचा लोभ म्हणावे, की देवावर अविश्वास?

या दक्षतेपायी माणसास काय सोडावे लागते, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. विदिशेच्या खासदार सुषमा स्वराज यांचे मूत्रपिंड-प्रत्यारोपण डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झाले. त्यानंतर त्यांनी परराष्ट्रमंत्रिपदाचे काम पुन्हा हाती घेतले. परंतु नोव्हेंबर २०१८ मध्ये इंदूरला त्यांनी सांगितले, की प्रकृतीमुळे पुढील निवडणूक लढविणार नाही. धुळीपासून दूर राहणे भाग आहे. धूळ टाळून लोकसभेची निवडणूक लढविता येत नाही, हे आपण सर्व जाणतोच. ६ ऑगस्ट २०१९ रोजी त्या हृदयक्रिया बंद पडून गेल्या. म्हणजे दक्षतेने आयुष्याची हमी मिळते असे नाही. तशी हमी कोणी मागितलीही नव्हती.

मामांचे क्रिएटिनिन आता काहीसे उतरले आहे. पूर्वीच्या आकड्यावर येईल अशी आशा डॉक्टरांनी दिलेली नाही. वही पुन्हा उघडली आहे. तिच्यात आकडे लिहीत असताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि तिची मला लाज वाटली. एकाच मूत्रपिंडावर जगणाऱ्या दात्यानेही वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन तपासून घ्यावे, असे डॉक्टरांनी प्रथमच सांगितले होते. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियाच फार अधिक आहेत. त्यांतील कितीजणींच्या नावाची वही कोणाच्या घरी असेल? आमच्या घरी नाही. सहा वर्षांत मामींचे रक्त एकदाही तपासले गेलेले नाही. येत्या सोमवारी मामांबरोबर चला, म्हणून मी रोज त्यांच्या मागे लागलो आहे. त्यांचे उत्तर ठरलेले: ‘मला काय धाड भरली आहे?’