वजनकाट्यावर गरिबी मोजू नका

धान्य आल्याच्या दिवशी शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही रेशन दुकानासमोर थोडं थांबा. रांगेत अंगानं भरलेली बाई दिसली की शेजारच्या टपरीवरून शेरा येतोच : "हिला काय कमी आहे? फुकटचं खाऊन सुटलीय नुसती!" तिच्यामागे एखादी वाळकी असेल, तर तिचा नवरा सगळं दारूत घालवत असणार! म्हणजे बाई जाड असली तर ती गरीबच नाही, आणि रोड असली तर तिची गरिबी घरच्यांच्याच कर्मानं आलेली. शेरा मारणाऱ्याचं पोट शर्टाच्या गुंड्यांना जुमानत नसतं, पण तो पडला खात्यापित्या घरचा.

फुकटच्या धान्याचा हिशेब एकदा मांडूच. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला साधारण १६७ ग्रॅम. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली गरिबी मोजताना माणशी रोजचे २२५० उष्मांक धरले होते. एवढ्या गव्हातून त्यातला जेमतेम पाव हिस्सा निघतो. बाकीचं विकत आणायचं, तेही रोजंदारी हातात पडेल तसं. त्यामुळे तेल आणायचं ते दहा रुपयांचं, आणि पोरानं हट्ट धरला की पाचचा बिस्किटपुडा. पैसे कमी पडले की पहिली काट मेथीच्या जुडीवर, दुसरी दुधावर. पीठ, तेल आणि साखर यांनी थोड्या पैशात पोट भरतं, अंगही भरतं. रक्त मात्र भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत सुमारे २३ टक्के बायकांचं वजन जास्त होतं, तर सुमारे २१ टक्के बायकांचं कमी.

याचं मूळ आईच्या पोटापर्यंत जातं, हेही पुणे जिल्ह्यातच दिसून आलं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास केला. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण चरबी त्या मानानं राखून असलेली. दिसायला काटकुळं आणि आतून मेदाळ, असं हे शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडतं. गरोदरपणी पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी होती, असंही या अभ्यासात दिसलं. नुसत्या उष्मांकांचा बाळाच्या वजनाशी तसा संबंध दिसला नाही.

आता आपला मुलूख पाहा. पहाटे दुधाच्या गाड्या पुण्याकडे निघतात, भाजीचे टेम्पो मार्केट यार्डाला जातात. त्याच वेळी ऊसतोडीला बीडकडून आलेल्या टोळीतली बाई कोपीपुढे चूल पेटवून भाकऱ्या थापते, कोऱ्या चहाचा घोट घेते आणि कोयता उचलते. "फुकट धान्यानं मजूर आळशी झाले, कामाला माणूस मिळेना," असं बांधावर बसून म्हणणाऱ्या बागायतदारानं तिचं जेवणाचं फडकं एकदा उघडून पाहावं. भाकरी, मिरचीचा ठेचा, फार तर कांदा. दुसऱ्याच्या ताटाचा हिशेब मागायची आपल्याला मोठी हौस. मजुरी ठरवताना मात्र तिच्या ताटात काय पडणार, हे कोणी विचारत नाही.

सरकारचाही हात आखडताच. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं सांगून शासन मोकळं झालं. हे चुकलंच, आणि तसं ग्रामसभेत ठराव करून कळवायला हवं. पण तोवर पोरांनी थांबायचं का? वर्गणी काढायला तर आपल्याला कोणी शिकवायला नको. यात्रेला कुस्त्यांचा आखाडा आणि तमाशाची सुपारी यासाठी गावोगाव पावतीपुस्तकं फिरतात आणि पैसा उभा राहतो. यंदा पावतीपुस्तक छापाल, तेव्हा शाळेच्या अंड्यांचा आकडा सुपारीच्या आधी धरा.